घाटमाथ्यावरचे झाड आणि कर्करोगाचे औषध

१८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. मिरजेहून येणारी गाडी त्याआधी चारच वर्षे, १८९१ मध्ये सुरू झाली होती. आता माल दूर पाठवता येणार होता आणि मालासाठी हक्काची पेठ हवी होती. शाहूपुरीने नाव कमावले ते गुळाच्या जोरावर. पण कोल्हापूरच्या पश्चिमेला घाटमाथ्याचे दाट रान होते आणि तिथूनही व्यापाराचा माल उतरत असे. त्यात हिरडा मोठा. कातडी कमावण्यासाठी त्याला दूरदूरची मागणी होती. मध, शिकेकाई, लाकूड हे त्याच्यामागोमाग. रानातल्या कोणत्या झाडाला किती किंमत, हे अशा पेठांच्या तराजूवर ठरत होते.

नरक्याला या तराजूवर जागा नव्हती. तीन ते आठ मीटर उंचीचे हे लहानखुरे झाड राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड, आंबोली या पट्ट्यातल्या सदाहरित रानात मोठ्या झाडांच्या सावलीला वाढते. फळी निघावी असे त्याचे खोड नाही. फुलांना इतकी घाण येते की काही भागांत त्याला घाणेराच म्हणतात. हिरडा-बेहड्याच्या पंगतीत त्याला कधी कोणी बसवले नाही. शाहू महाराजांच्या काळात दुर्लक्षित असलेले हे झाड पुढे शंभर वर्षांत रात्रीच्या अंधारात तोडले जाऊ लागले, त्याचे ओंडके आणि ढलप्या पकडल्याच्या बातम्या कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. हा बदल सह्याद्रीत घडला नाही. त्याची सुरुवात झाली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत, तीही दुसऱ्याच झाडाच्या अर्कातून. आणि त्या कामात एक प्रमुख माणूस होता खानदेशातल्या नंदुरबारचा.

शास्त्रीय जगाला नरक्या माहीत नव्हता असे नाही. मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची सूची तयार केली. ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात या झाडाचे वर्णन आहे. छपाई पुरी होण्याआधीच ग्रॅहम वारले आणि उरलेले काम त्यांचे सहकारी निम्मो यांनी तडीस नेले. ग्रॅहम यांनी या झाडाला निम्मोंचेच नाव दिले होते. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला या कुळातून त्या कुळात हलवले, मॅपिया फीटिडा म्हटले, नोथापोडायटिस फीटिडा म्हटले, आणि शेवटी नोथापोडायटिस निम्मोनियाना हे नाव स्थिरावले. सव्वाशे-दीडशे वर्षे या झाडाबद्दल विद्वानांना जे सांगायचे होते, ते बहुतेक नावापुरतेच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॉर्टिझोन या औषधाचा मोठा गाजावाजा झाला. ते वनस्पतीतल्या पदार्थापासून स्वस्तात बनवता येईल का, हे शोधण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने हजारो वनस्पती गोळा केल्या. फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ त्यांचे अर्क काढून तपासत होते. तपासून झालेले अर्क ते टाकून देत नसत. १९५७ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल त्यांना भेटायला आले. या साठवलेल्या अर्कांपैकी हजारभर कर्करोगाविरुद्ध तपासायला द्याल का, असे त्यांनी विचारले आणि वॉल यांनी ते दिले. कर्करोगावरच्या एका मोठ्या औषधाची सुरुवात अशी शिल्लक बाटल्यांतून झाली.

त्या अर्कांमध्ये कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा या चिनी झाडाचा अर्क होता. चीनमध्ये या झाडाला आनंदवृक्ष अशा अर्थाचे नाव आहे आणि कॅलिफोर्नियात त्याची लागवड झालेली होती. गाठी असलेल्या उंदरांवर या अर्काने ठळक परिणाम दाखवला. हजारांतला हाच एक अर्क वॉल यांच्या मनात घर करून राहिला. पण कृषी खात्यात कर्करोगाच्या औषधांवर काम करायला वाव नव्हता. १९६० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या नव्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये नैसर्गिक पदार्थांची प्रयोगशाळा उभारली. दोन वर्षांनी तिथे मनसुख वाणी रुजू झाले.

वाणींचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये पीएच.डी. तिथून ते थेट वॉल यांच्या प्रयोगशाळेत आले आणि पुढची कित्येक दशके तिथेच राहिले. आपल्याकडे त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते. कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल ही कर्करोगाच्या उपचारातली दोन महत्त्वाची द्रव्ये याच जोडीने शोधली. एका माणसाच्या हातून असे एक काम झाले तरी जन्म सार्थकी लागला म्हणतात.

१९६३ मध्ये कॅम्प्टोथेकाचे सुमारे वीस किलो लाकूड आणि साल हाती आली आणि काम वेगाने सुरू झाले. पद्धत सांगायला सोपी, करायला जिकिरीची. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदरांवर तपासायला पाठवायचा, निकालाची वाट पाहायची. ज्या भागात गुण दिसेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे आणि पुन्हा पाठवायचे. अर्कात शेकडो पदार्थ एकत्र नांदत असतात. त्यातला कोणता काम करतो हे डोळ्यांना दिसत नाही. ल्युकेमिया झालेले उंदीर किती दिवस जास्त जगतात, हीच इथे दिशा दाखवणारी खूण होती. अशा चाळणीतून शेवटी फिकट पिवळे स्फटिक मिळाले. १९६६ मध्ये वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली.

त्या काळी वनस्पतींकडून मोठी अपेक्षा होती आणि ती निराधार नव्हती. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालेले व्हिंक्रिस्टिन १९६३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले होते आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते गुणकारी ठरत होते. कॅम्प्टोथेसिनही त्याच वाटेने जाईल असे वाटले. पण ते पाण्यात विरघळत नव्हते. शिरेतून देता यावे म्हणून त्याचा सोडियम क्षार बनवला गेला. त्यात रेणूतले एक कडे उघडत होते, आणि औषधाचा गुण नेमका त्या बंद कड्यात होता. शरीरात हा क्षार दुबळा पडे आणि मूत्राशयात, आम्लधर्मी मूत्रात पोहोचला की कडे पुन्हा बंद होऊन तिथेच तडाखा देई. रुग्णांना लघवीतून रक्त जाऊ लागले, पांढऱ्या पेशी घसरल्या, आणि गाठींवर परिणाम मात्र जेमतेम दिसला. १९७२ च्या सुमारास या चाचण्या थांबल्या.

त्याच १९७२ साली गोष्ट सह्याद्रीत आली. मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते आणि टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक होते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून आलेले गोविंदाचारी हे भारतीय वनस्पतींच्या रसायनशास्त्रातले मोठे नाव. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडा, म्हणजे आपला नरक्या, तपासला. त्यात त्यांना कॅम्प्टोथेसिन मिळाले, आणि तेही चिनी झाडात मिळत होते त्याच्या कितीतरी पट. चिनी झाडाच्या सालीत ते वजनाच्या सुमारे ०.०१ टक्का, तर नरक्याच्या लाकडात ०.१ टक्क्याच्या घरात. दोन वर्षांनी याच झाडातून मॅपिसिन हा आणखी एक पदार्थ गोविंदाचारींच्या गटाने वेगळा केला. चीनचा कॅम्प्टोथेका आणि सह्याद्रीचा नरक्या ही वेगवेगळ्या कुळांतली झाडे. त्यांनी हा अवघड रेणू आपापल्या परीने घडवला, हे आजही थक्क करणारे आहे.

पण ज्याचा साठा सापडला ते औषधच तेव्हा बाजूला पडले होते. नरक्याला त्यामुळे आणखी दहा-पंधरा वर्षांची उसंत मिळाली.

उसंत संपली १९८५ मध्ये. अमेरिकेत लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिन नेमके काय करते ते उलगडले. पेशीतला डीएनए घट्ट पीळ घातलेल्या दोरखंडासारखा असतो. त्याची नक्कल करायची तर पीळ सोडवावा लागतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक क्षणभर कापते, पीळ उलगडू देते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या अवस्थेतच विकराला अडकवून ठेवते. जोडणी होत नाही. पेशी नक्कल करायला निघाली की त्या अर्धवट कापावर येऊन आदळते आणि मरते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना याचा फटका जास्त बसतो. या विकरावर काम करणारे दुसरे औषध तेव्हा माहीत नव्हते. टाकून दिलेल्या रेणूकडे जगभरचे रसायनशास्त्रज्ञ पुन्हा वळले. आता प्रश्न एवढाच होता, की ते कडे शाबूत ठेवून रेणू पाण्यात विरघळणारा कसा करायचा.

उत्तरे दोन ठिकाणांहून आली. अमेरिकेत स्मिथक्लाइनच्या शास्त्रज्ञांनी टोपोटेकान बनवले. जपानमध्ये आंबवलेल्या दुधाच्या पेयासाठी प्रसिद्ध असलेल्या याकुल्ट कंपनीने १९८३ मध्येच इरिनोटेकान घडवले होते. जपानने ते १९९४ मध्ये मान्य केले. १९९६ मध्ये अमेरिकेनेही दोन्हींना परवानगी दिली: टोपोटेकानला बीजाशयाच्या, इरिनोटेकानला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. वॉल यांनी तो पहिला अर्क हार्टवेल यांच्या हाती दिला त्याला तोवर जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. २००० साली वॉल आणि वाणी यांना केटरिंग पारितोषिक मिळाले. वॉल २००२ मध्ये गेले, वाणी २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी.

ही दोन्ही औषधे अर्धी प्रयोगशाळेत आणि अर्धी झाडात बनतात. कॅम्प्टोथेसिन झाडातून काढायचे आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करायची, ही रीत. १९७१ मध्येच गिल्बर्ट स्टॉर्क आणि आर्थर शुल्ट्झ यांनी ते प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडवून दाखवले होते, पण उद्योगाला झाड स्वस्त पडत होते. झाडे मुख्यतः दोन ठिकाणी होती, चीनमध्ये आणि सह्याद्रीत. आणि सह्याद्रीतल्या झाडात माल जास्त होता.

नव्वदच्या दशकापासून कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या रानात नरक्याला अचानक गिऱ्हाईक आले. खोड आणि मुळे यांतच कॅम्प्टोथेसिन जास्त, म्हणून फांदी घेऊन भागत नसे. झाड बुडातून तोडायचे, कधी मुळासकट उपटायचे, तुकडे करायचे, ढलप्या वाळवून पोत्यांत भरायच्या. गावातल्या माणसाला किलोमागे थोडे रुपये मिळत. त्या पोत्याची पुढे काय किंमत होते हे त्याला कोणी सांगत नसे, आणि आपण तोडतो ते झाड कशासाठी जाते हेही बहुतेकांना माहीत नव्हते. पोटासाठी कुऱ्हाड उचलणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्या साखळीत मोल वर सरकत जाते आणि खाली काहीच उरत नाही, तिची जबाबदारी पहिल्या कडीवर टाकणे मला पटत नाही.

नरक्याचे बरेच रान संरक्षित आहे. दाजीपूरला १९५८ मध्ये महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य आकाराला आले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. हा लौकिक मुख्यतः गव्यामुळे. गव्याच्या पायवाटेशेजारचा नरक्या राखणे वनरक्षकाला अवघड जाते, कारण तो रांगेत वाढत नाही आणि गेलेल्या झाडाचा खुंटा दाट झुडपांत सहज नजरेआड होतो. वनखात्याने माल पकडला, खटले भरले, २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणखी एक आधार दिला. तरी दक्षिण भारतातल्या औषधी वनस्पतींच्या मूल्यमापनात नरक्याची नोंद धोका असलेल्या जातींत झालीच.

शास्त्रज्ञांनी दुसऱ्या वाटाही शोधल्या. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डी. पी. फुलझेले आणि सहकाऱ्यांनी नरक्याच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्या पेशी कॅम्प्टोथेसिन बनवतात हे २००१ मध्ये दाखवले, पण ते फार कमी होते. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्याकडच्या नरक्यात राहणारी एक बुरशी वेगळी केली, आणि ती एकटीही हा रेणू बनवू शकते असे प्रसिद्ध केले. मोठी आशा निर्माण झाली. झाड तोडायलाच नको, बुरशी टाकीत वाढवू. पण झाडापासून तोडलेल्या अशा बुरश्या प्रयोगशाळेत काही पिढ्यांतच ही कला विसरत जातात, असा अनुभव पुढे अनेक ठिकाणी आला.

आता कोल्हापुरातल्या आजच्या प्रयोगशाळांकडे वळतो. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि इथल्या वनस्पतिशास्त्राने चांगले मूळ धरले. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००२ मध्ये आला, आणि कोणते झाड कुठे आहे याची भरवशाची नोंद हाती आली. पुढे विद्यापीठात आणि आसपासच्या विज्ञान व औषधनिर्माण महाविद्यालयांत औषधी वनस्पतींचे अर्क तपासणे हा नेहमीचा विषय झाला. डीपीपीएच या जांभळ्या द्रावणात अर्क मिसळायचा आणि जांभळा रंग पिवळा होतो का ते पाहायचे, ही प्रतिऑक्सिडक गुणाची चाचणी. कर्करोगासाठी याच्या उलट: एमटीटी हे पिवळे द्रव्य जिवंत पेशी जांभळे करतात, आणि अर्काने पेशी मारल्या तर जांभळेपणा कमी दिसतो. स्वतःकडे पेशी वाढवण्याची सोय नसेल तर नमुने खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राला पाठवले जातात.

या चाचण्या खोट्या नाहीत. त्या अपुऱ्या आहेत, आणि नरक्याची गोष्ट नेमके तेच दाखवते. कॅम्प्टोथेसिनची किमया प्रतिऑक्सिडक गुणात नव्हतीच. तो रेणू डीएनएला इजा पोहोचवून काम करतो, तेव्हा जांभळ्याचे पिवळे होण्यावर विसंबले असते तर तो हाती लागला नसता. आणि प्रतिऑक्सिडक म्हणजे कर्करोगाला आळा, हा समजही माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत टिकला नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता. काचपात्रातल्या पेशी मारणे तर आणखी सोपे, पुरेसा तीव्र कोणताही अर्क ते करतो. म्हणून जाणकार आधी विचारतात, किती प्रमाणात? कच्च्या अर्काने मिलिलिटरमागे साधारण ३० मायक्रोग्रॅमच्या आत निम्म्या पेशी थांबवल्या तरच पुढे जाण्यात अर्थ, असा अमेरिकेच्या कर्करोग संस्थेचा दंडक होता. त्या संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पतींचे १,१४,००० अर्क तपासले. रुग्णांपर्यंत पोहोचली ती द्रव्ये बोटांवर मोजण्याइतकी.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने घाटातली एखादी वनस्पती आणून तिचा अर्क तपासला, तर त्याने पहिली पायरी चढली, एवढे नक्की. पण त्या पायरीवरच अमुक वनस्पती कर्करोगावर गुणकारी अशी बातमी होते. ती वाचून एखादा रुग्ण उपचार अर्धवट सोडतो, आणि त्या वनस्पतीच्या मागे रानात कोयते फिरू लागतात. दोन्ही नुकसाने खरी आहेत. कॅम्प्टोथेसिनला गुण दिसल्यापासून औषध होईपर्यंत पस्तीसहून जास्त वर्षे लागली, त्यातली पंधराएक वर्षे ते अपयशी म्हणूनच पडून होते, आणि त्याची सुटका झाली ती आणखी अर्क तपासून नव्हे, तर रेणू पेशीत काय करतो हे समजल्यावर.

तो रेणू अजूनही नव्या रूपांत येतो आहे. २०१९ आणि २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झालेली स्तनाच्या कर्करोगावरची दोन औषधे कॅम्प्टोथेसिनच्या वंशजांना प्रतिपिंडावर बसवून थेट गाठीपर्यंत नेतात. इरिनोटेकान भारतीय कंपन्याही बनवतात आणि आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडच्या रुग्णालयांत ते घेत असतात. मागणी कमी होण्याचे चिन्ह नाही.

म्हणून कोल्हापूरच्या प्रयोगशाळांनी नरक्यावर करावे असे काम अजून बरेच आहे, आणि ते इथूनच चांगले होऊ शकते, कारण झाड इथे आहे. दाजीपूरच्या, आंबा घाटाच्या, चंदगडच्या झाडांत कॅम्प्टोथेसिन सारखे नसते. कोणत्या रानातली रोपे जास्त देतात, पानांत किती मिळते आणि दरवर्षी पाने तोडून झाड जगवता येते का, बी किती रुजते, शेताच्या बांधावर सावलीत ते किती वर्षांत हाताशी येते, हे सारे मोजता येण्यासारखे आहे. बांधावरच्या नरक्याची पाने पावतीनिशी विकता आली, तर शाहूपुरीच्या तराजूवर त्याला प्रथमच उघड भाव मिळेल, आणि तो भाव आजरा-चंदगडच्या शेतकऱ्याच्या हाती पडेल.